हेडलाइट लावला की बूस्ट वाढतो: घरी बसवलेलं गेज वारंवार चुकतं तेव्हा

गाडी उभी आहे. इंजिन बंद, किल्ली फक्त ऑनवर. बूस्ट गेजचा (टर्बो इंजिनात कोंबतो त्या हवेचा जादा दाब दाखवणाऱ्या मापकाचा) काटा शून्यावर, म्हणजे जादा दाब नाही. हेडलाइट लावला आणि काटा शून्य सोडून एक पीएसआयच्या (दाबाचं एकक) थोडा पुढे जाऊन थांबला. लाइट बंद, काटा परत शून्यावर. टर्बो फिरत नाही, इंजिन हवा ओढत नाही, आणि गेज म्हणतंय बूस्ट आहे!

माझ्या गाडीत हा दोष तीनदा आला. पहिल्यांदा मी सेन्सर बदलला. दुसऱ्यांदा सगळे कनेक्टर उघडून साफ केले, दोन आठवडे गेज शहाण्यासारखं वागलं. तिसऱ्यांदा मात्र गेजच खराब आहे असं ठरवून नवं मागवायच्या बेतात होतो. त्याआधी सहज मल्टिमीटरची पिन सेन्सरच्या काळ्या वायरला लावून बघितली. १८० मिलिव्होल्ट. दोष अर्थमध्ये, म्हणजे करंट बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत नेणाऱ्या जोडणीत होता, आणि तो मी स्वतः पहिल्याच दिवशी घालून ठेवला होता. मधले दोन आठवडे बरे गेले, कारण सफाई करताना अर्थचा बोल्ट हलला आणि त्याखालचा गंज थोडा खरवडला गेला होता, इतकंच.

तेव्हापासून इतरांनी घरी बसवलेली बरीच गेज उघडून बघितली. गेज स्वतः बिघडलेलं फार क्वचित निघतं. बिघडलेली असते ती आपण केलेली जोडणी: अर्थ, नाहीतर हवेची नळी, नाहीतर करंट कुठून घेतला ते. त्याच क्रमाने शोधा.

आधी खरं काय दिसायला हवं

काटा चुकतोय असं म्हणण्याआधी बरोबर आकडा माहीत हवा. अर्ध्या तक्रारी इथेच मिटतात.

इंजिन बंद असताना नळीतला दाब आणि बाहेरच्या हवेचा दाब सारखाच, म्हणून बूस्ट गेज शून्य दाखवणार. तुमचं गेज इंजिन बंद असताना १ बार किंवा १०० किलोपास्कल दाखवत असेल तर ते निरपेक्ष दाब दाखवतंय, म्हणजे वातावरणाचा दाब धरून. दोष नाही, सेटिंग बदला. समुद्रसपाटीला वातावरणाचा दाब १०१.३ किलोपास्कल, म्हणजे १४.७ पीएसआय असतो.

गरम झालेलं निरोगी पेट्रोल इंजिन आयडलिंगला साधारण १८ ते २२ इंच पाऱ्याएवढा व्हॅक्यूम दाखवतं. उंचावर गेलात की हा आकडा दर ३०० मीटरला साधारण एक इंचाने उतरतो, कारण बाहेरची हवाच विरळ. घाटावर गेल्यावर व्हॅक्यूम कमी झाला म्हणून टी (गेजसाठी नळीत टाकलेला तीन तोंडांचा जोड) उपसायची गरज नाही.

डिझेल गाडीवाल्यांसाठी एक वाक्य: डिझेल इंजिनात हवा अडवून वेग कमी-जास्त करत नाहीत, त्यामुळे आयडलिंगला काटा शून्याच्या आसपासच राहणार. व्हॅक्यूम दिसत नाही म्हणून गळती शोधत बसू नका.

पडताळणीसाठी सगळ्यात उपयोगी वस्तू म्हणजे साधा ओबीडी स्कॅनर, गाडीच्या संगणकातले आकडे वाचणारा. बहुतेक टर्बो गाड्यांत कंपनीचा स्वतःचा मॅप सेन्सर (मॅनिफोल्डमधला, म्हणजे इंजिनाला हवा वाटणाऱ्या नळकांड्यातला दाब मोजणारा) असतोच. स्कॅनरवर मॅनिफोल्डचा निरपेक्ष दाब बघा आणि त्यातून वातावरणाचा दाब वजा करा. समजा आयडलिंगला मॅनिफोल्ड ३५ आणि वातावरण १०० दिसतंय, तर फरक उणे ६५ किलोपास्कल, म्हणजे साधारण १९ इंच. गेजवर तेवढंच आलं तर गेज बरोबर आहे. एवढंच लक्षात ठेवा की स्कॅनर सेकंदाला मोजकीच वाचनं घेतो, त्यामुळे बूस्टचं क्षणभराचं शिखर त्याच्या हातून निसटतं. शिवाय ओबीडीच्या या प्रमाणित आकड्याची झेप २५५ किलोपास्कलवर संपते. तुलना स्थिर वेगावर करा.

अर्थ

इलेक्ट्रॉनिक गेजच्या सेन्सरला बहुधा तीन वायरी असतात: ५ व्होल्ट, सिग्नल आणि अर्थ. बऱ्याच सेन्सरांत सिग्नल ०.५ पासून ४.५ व्होल्टपर्यंत फिरतो. सेन्सर ३ बारचा असेल तर या ४ व्होल्टमध्ये ३०० किलोपास्कल बसवलेले असतात. म्हणजे एका व्होल्टला ७५ किलोपास्कल, आणि व्होल्टच्या दहाव्या हिश्शाला साडेसात, म्हणजे एक पीएसआयच्या वर. एवढ्या नाजूक मोजमापात अर्थचा बिंदू जरा जरी हलला तरी काटा हलणारच.

माझं चुकलं ते असं. गेजचा अर्थ मी डॅशबोर्डखाली बॉडीला दिला. सेन्सर बॉनेटखाली होता, त्याची काळी वायर आतपर्यंत आणायचा कंटाळा केला आणि जवळच्या बोल्टला लावून टाकली. त्या बोल्टवर आधीच कंपनीची एक जाड वायर होती, म्हणून जागा चांगलीच असणार असं वाटलं. ती हेडलाइटची अर्थ वायर होती. ५५ वॉटचे दोन हॅलोजन बल्ब मिळून साधारण ९ अँपिअर ओढतात. त्या बोल्टखालच्या गंजाचा अडथळा फक्त ०.०२ ओहम धरला तरी ९ गुणिले ०.०२ म्हणजे ०.१८ व्होल्ट. लाइट लागला की सेन्सरचं 'शून्य' गेजच्या शून्यापेक्षा ०.१८ व्होल्टने वर उचललं जायचं, आणि गेजला तो दाब वाटायचा.

यात एक गंमत आहे, जिच्यामुळे हा दोष लपून राहतो. अर्थ वर उचलला गेला की सेन्सरला मिळणारे ५ व्होल्टही तेवढेच आकसतात. म्हणून चूक सगळीकडे सारखी नसते. कमी दाबाला ती जास्त आणि बूस्ट चढेल तशी कमी होत जाते. फक्त पूर्ण बूस्टवर तपासणाऱ्याला सगळं जवळपास ठीकच दिसतं. याउलट प्रकारही होतो: सेन्सरचा अर्थ चांगला आणि गेजचा खराब असेल, तर लाइट लावल्यावर काटा खाली पडतो.

तपासायची पद्धत. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा. काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर, लाल पिन सेन्सरच्या काळ्या वायरीच्या टोकावर. इंजिन चालू करा आणि हेडलाइट, ब्लोअर, मागच्या काचेचा हीटर, जे असेल ते लावा. रेडिएटरचा पंखा सुरू होईपर्यंत थांबा. मग गेजच्या अर्थला तेच करा. दोन्ही ठिकाणी ०.०५ व्होल्टच्या आत आकडा हवा, ०.१ च्या वर गेला तर दोषी सापडला. दोन्ही अर्थमधला आपसातला फरकही मोजा, कारण गेजला भोवतो तो हाच. गाडीला एलईडी हेडलाइट असतील तर ते कमी करंट ओढतात, त्यामुळे दोष लाइटवर न दिसता पंखा किंवा काचेचा हीटर लागल्यावर दिसेल.

ओहममध्ये मोजू नका. नेहमीच्या मल्टिमीटरच्या पिनांचाच अडथळा ०.१ ते ०.२ ओहम असतो, त्यात ०.०२ कुठे दिसणार? मी पहिल्या दोन्ही वेळा ओहमवरच तपासलं होतं आणि 'अर्थ उत्तम' असा निर्वाळा दिला होता.

उपाय सोपा आहे, पण आळस चालत नाही. सेन्सरची काळी वायर गेजच्याच वायरिंगमध्ये परत न्या आणि दोघांना मिळून एकच अर्थ द्या. मग तो बिंदू थोडा हलला तरी दोघांचं शून्य एकत्र हलेल आणि फरक उरणार नाही. जागा निवडताना बॉडीचा जाड पत्रा आणि कंपनीचाच बोल्ट बघा, प्लॅस्टिक पॅनेल धरणारा पत्र्याचा स्क्रू नको. रंग खरवडून पत्रा उघडा करा, गोल लग क्रिम्प करून लावा, दात असलेला वॉशर घाला आणि बोल्ट कसल्यावर वरून ग्रीस लावा. हेडलाइट, पंखा, हॉर्न यांच्या अर्थवर जागा मागू नका. वायर पिळून इन्सुलेशन टेप गुंडाळलेला जोड बॉनेटखाली एक उन्हाळा टिकला तर नशीब. गरमीने टेपचा गोंद वितळतो आणि टेप सुटून लोंबायला लागते. सोल्डरबद्दल माझं मत असं की बाकावर ते छान, गाडीत नाही. सोल्डर वायरीत वर चढतं, तेवढा भाग कडक होतो आणि थरथरीने नेमका त्याच्या कडेला तुटतो. नीट केलेलं क्रिम्प आणि वर हीट-श्रिंक नळी हे जास्त दिवस जगतं.

आणि हे करूनही आकडा खाली येत नसेल तर बॅटरीच्या निगेटिव्हपासून इंजिन ब्लॉकपर्यंतचा फरक मोजा. जुन्या गाडीत इंजिन आणि बॉडी यांच्यामधली अर्थची पट्टी खाऊन गेलेली असते. तेव्हा गेजने तुमच्यावर उपकारच केले म्हणायचे. उद्या स्टार्टर रुसला असता.

ऑइल प्रेशर गेजमध्ये याच आजाराचा एक वेगळा अवतार भेटतो. एका वायरीच्या सेंडरला (इंजिनावरच्या सेन्सरला) अर्थ त्याच्या आट्यांतून मिळतो. लोक गळू नये म्हणून आट्यांवर टेफ्लॉन टेपचे पाच-सहा वेढे मारतात, अर्थ तुटतो आणि काटा वेड्यासारखा फिरतो. तिथे टेप कमी करा किंवा आट्यांचा लिक्विड सीलंट वापरा. आट्यांचं माप मात्र आधी बघा: १/८ इंचाच्या मापात एनपीटीचे (अमेरिकी पद्धत) इंचाला २७ आटे आणि बीएसपीटीचे (ब्रिटिश पद्धत) २८. दोन-तीन फेरे एकमेकांत आरामात बसतात, मग अडकतात, आणि जोर लावला की आटे मरतात. गळणारं ऑइल खाली गरम टर्बोवर पडू शकतं, म्हणून इथे 'चालतंय ना' म्हणायचं नाही.

नळी

मेकॅनिकल गेजमध्ये हवा थेट काट्यापर्यंत जाते, इलेक्ट्रॉनिकमध्ये सेन्सरपर्यंत. दोन्हीत नळीचे दोष तेच, आणि काट्याचं वागणं बघून ते ओळखता येतात.

व्हॅक्यूम बरोबर येतोय पण बूस्ट कमी दिसतोय: नळी निपलवर सैल आहे. व्हॅक्यूममध्ये नळी स्वतःच निपलला चिकटून बसते, म्हणून आयडलिंगला सगळं झकास. बूस्टमध्ये तीच नळी फुगते आणि कडेने हवा सोडते. झिप टायऐवजी छोटा स्प्रिंग क्लॅम्प लावा. नळीचं टोक फुगून सैल झालं असेल तर तेवढं कापून टाका, सरळ ब्लेडने, तिरकं नाही.

उलट, बूस्ट बरोबर पण व्हॅक्यूम अर्धवट: नळी मऊ आहे आणि आतून चपटी होतेय. काटा दोन्हीकडे बरोबर पोहोचतो पण रेंगाळत: नळी कुठेतरी दबली आहे. बहुतेक वेळा फायरवॉलमध्ये किंवा बॉनेटच्या बिजागरीपाशी. आयडलिंगला काटा थरथरतो: ते इंजिनाच्या प्रत्येक ओढीचे धक्के आहेत, दोष नाही. नळीत साधारण १ मिलिमीटर भोकाचा रिस्ट्रिक्टर (हवेची वाट अरुंद करणारा तुकडा) टाका. थरथर इंजिनाच्या वेगाबरोबर वाढत असेल आणि गेज इलेक्ट्रॉनिक असेल, तर सिग्नलची वायर इग्निशन कॉइलच्या वायरींना खेटून तर गेली नाही ना, तेही बघा.

रिस्ट्रिक्टर लावल्यावर एक गोष्ट बदलते. तो नसताना छोटी गळती असली तर काट्याला फारसा फरक पडत नाही, कारण मॅनिफोल्डमधून तेवढी हवा लगेच भरून येते. रिस्ट्रिक्टर आला की आत येणारं भोक आणि गळणारं भोक एकाच मापाचं होतं आणि गेज बरंच कमी दाखवायला लागतं. 'रिस्ट्रिक्टर टाकल्यापासून बूस्ट कमी झाला' अशी तक्रार असेल तर रिस्ट्रिक्टर काढू नका, गळती शोधा. ती आधीपासूनच होती.

गळती शोधायला महागडं काही लागत नाही. टीपाशी नळी काढा, तिच्या टोकाला मोठी इंजेक्शनची सिरिंज घट्ट बसवा, दट्ट्या आधी पूर्ण बाहेर ओढलेला असू द्या. आता हळूहळू दाबा आणि काटा चढताना बघा. इलेक्ट्रॉनिक गेज असेल तर किल्ली ऑनवर ठेवा. अर्ध्यावर दट्ट्या धरून थांबा. काटा जागेवर राहिला तर नळी शाबूत, उतरत गेला तर जोडांना साबणाचं पाणी लावा आणि फुगे बघा. मग दट्ट्या दाबून सिरिंज जोडा आणि ओढून व्हॅक्यूमची बाजूही तशीच तपासा. गेजच्या पट्टीपलीकडे दाबू नका.

टी कुठे टाकावी यावर मात्र मी हट्टी आहे. थ्रॉटलच्या पुढे, इनटेक मॅनिफोल्डला थेट लागलेली नळी हवी. थ्रॉटलच्या अलीकडे टाकलीत तर बूस्ट दिसेल पण व्हॅक्यूम कधीच दिसणार नाही. ब्रेक बूस्टरच्या नळीला हात लावू नका. तिथली गळती ब्रेकवर जाते. वेस्टगेटच्या (जादा बूस्ट होऊ न देणाऱ्या टर्बोच्या झडपेच्या) अॅक्च्युएटरची नळी तर कधीच नको. ती गळली की अॅक्च्युएटरला दाब कमी पोहोचतो, वेस्टगेट उशिरा उघडतो आणि बूस्ट मर्यादेपलीकडे जातो. बूस्ट बघायला गेज लावायचं आणि त्याच्याच टीने इंजिन धोक्यात घालायचं, हे कुठलं शहाणपण? टी पितळी घ्या. प्लॅस्टिकची टी गरमीने ठिसूळ होते आणि नळी ओढताना हातात येते. नळी टर्बो आणि एक्झॉस्टपासून जितकी लांब नेता येईल तितकी न्या. चांगली सिलिकॉन नळी साधारण २०० अंश सेल्सिअसपर्यंत टिकते. टर्बोच्या गरम बाजूचा आकडा त्याच्या कितीतरी पट असतो.

गेज बसवल्यानंतर इंजिनची आयडलिंग वाढली, हिसहिस ऐकू येते, किंवा चेक इंजिनचा दिवा लागून पी०१७१ कोड (हवेच्या मानाने इंधन कमी) आला, तर मोजल्याशिवाय हवा आत शिरतेय. टी आधी बघा.

सेन्सर कुठे बसवलाय तेही महत्त्वाचं. मॅनिफोल्डमधून ऑइलची वाफ आणि ओल नळीत येते. सेन्सर टीपेक्षा खाली असेल तर ती सगळी सेन्सरच्या तोंडाशी साचते आणि काही महिन्यांनी काटा सुस्तावतो. सेन्सर टीपेक्षा वर ठेवा, तोंड खाली.

करंट

इथे दोष कमी, गोंधळ जास्त. स्टार्टर मारताना गेज बंद होऊन परत सुरू होतं: तुम्ही अॅक्सेसरीच्या फ्यूजवर जोडलंय, तो स्टार्टर फिरताना तुटतो. इग्निशनच्या फ्यूजवर घ्या. किल्ली काढल्यावर काटा मध्येच कुठेतरी अडकून राहतो: स्टेपर मोटरच्या गेजला परतायला कायमचा करंट लागतो आणि ती वायर तुम्ही जोडलेली नाही. रात्री गेजची लाइट लुकलुकते: डॅशबोर्डचा उजेड आजकाल करंट भराभर चालू-बंद करून कमी-जास्त करतात, गेजची डिमर वायर त्याऐवजी पार्किंग लाइटवर घ्या.

कधी बरोबर, कधी चूक, आणि चुकलं तर दिवसभर चुकलेलंच, असं असेल तर एक शक्यता तपासा. काही गेज सुरू होताना जो दाब मिळेल त्यालाच शून्य धरतात. असं गेज इंजिन सुरू झाल्यावर जागं होत असेल, तर ते आयडलिंगच्या व्हॅक्यूमला शून्य समजतं आणि पुढचा प्रत्येक आकडा तेवढ्याने फुगलेला येतो. त्याला किल्ली ऑन होताच करंट मिळेल असा फ्यूज द्या आणि स्टार्टर मारण्याआधी दोन सेकंद थांबा.

फ्यूज टॅपला (फ्यूजच्या खाचेतून जादा वायर काढून देणाऱ्या तुकड्याला) दिशा असते. उलटा बसला तर गेजचा करंटही गाडीच्या मूळ फ्यूजमधूनच जातो आणि त्याच्यावर भार वाढतो. मूळ फ्यूज काढून खाचेचं कोणतं टोक जिवंत आहे ते मल्टिमीटरने बघा आणि टॅपची पुरवठ्याची बाजू तिथे ठेवा. गेजला स्वतःचा छोटा फ्यूज, बहुधा १ ते ३ अँपिअर. गेजच्या कागदावर लिहिलेला आकडा पाळा.

पिवळ्या वायरी आणि पिवळे कनेक्टर म्हणजे बहुधा एअरबॅग. त्यांना मल्टिमीटरही लावू नका. त्यांच्याजवळ काम करायचंच असेल तर बॅटरीचा निगेटिव्ह काढून काही मिनिटं थांबा. पुढच्या खांबात पडदा एअरबॅग असेल तर तिथे गेजचा पॉड (गेज बसवायचा खोका) बसवू नका, कितीही देखणा दिसला तरी. एअरबॅग उघडताना तो पॉड कुणाच्या तरी चेहऱ्यावर येईल.

माझी काळी वायर आता ग्रोमेटमधून आत आणून गेजच्या अर्थला जोडली आहे. सगळे लाइट, ब्लोअर आणि पंखा चालू असताना दोन्ही अर्थमधला फरक ४ मिलिव्होल्ट. स्कॅनर आणि गेज यांच्यात अजून एखादा किलोपास्कल मागे-पुढे असतो, आणि तो मी तसाच राहू दिलाय.